विशारद शिक्षक आणि चार वर्षांची मुलं: कोल्हापुरातल्या एका बालवाडीचं प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण कोल्हापूरच्या एका जुन्या पेठेतल्या बालवाडीचं आहे. नर्सरी, लहान गट आणि मोठा गट असे वर्ग, मुलं तीन ते सहा वयाची. कुणाचे वडील गुजरीत, म्हणजे सराफ बाजारात, कारागीर, कुणाचे रिक्षा चालवणारे, कुणाची आई दवाखान्यात परिचारिका. ओळख पटू नये म्हणून संस्थेचं नाव दिलेलं नाही आणि माणसांचे काही तपशील बदलले आहेत. घटनांचा क्रम आहे तसाच ठेवला आहे.

या बालवाडीत प्रत्येक वर्गाला आठवड्यातून दोनदा संगीताची तासिका असते. पूर्वप्राथमिकला संगीताचा वेगळा शिक्षक ठेवणारी शाळा आपल्याकडे विरळा. इथं तर तिघं होते. गाण्याच्या ताई विशारद (संगीतातली पदवीसारखी परीक्षा) झालेल्या, जयपूर-अत्रौली घराण्याच्या गायकीची तालीम घेणाऱ्या. पेटीचे सरही विशारद, नाट्यसंगीताला आणि भजनी मंडळांना साथ करून हात तयार झालेला. तबल्याचे सर तिघांत तरुण, विशारदच्या आधीची मध्यमा परीक्षा पूर्ण करून पुढच्या परीक्षेची तयारी करणारे. तिघंही तासिका तत्त्वावर. जेवढे तास घेतले तेवढे पैसे, सुट्टीचे नाहीत आणि बैठकीचेही नाहीत. ही शेवटची गोष्ट पुढं फार महत्त्वाची ठरली.

संस्थेनं एवढे शिकलेले कलाकार बालवाडीसाठी का नेमले, हे कोल्हापूरकराला वेगळं सांगायला नको. जयपूर-अत्रौली घराण्याचे प्रवर्तक अल्लादिया खाँसाहेब शाहू महाराजांच्या दरबारात होते. गायन समाज देवल क्लब या जुन्या संगीतसंस्थेतल्या बैठकींच्या आठवणी इथल्या घरांत अजून निघतात. विष्णु दिगंबर पलुस्करांचं जन्मगाव कुरुंदवाड याच जिल्ह्यात आहे आणि तंबोऱ्यांची मिरज शेजारी. अशा गावात विश्वस्त म्हणतात, ‘गाणं शिकवायचं तर नीट शिकलेल्या माणसानं शिकवावं.’ त्यांचं म्हणणं मला मनापासून पटतं. प्रश्न एवढाच होता, की गाणं नीट शिकलेल्या या तिघांना चार वर्षांच्या मुलाला गाणं कसं द्यायचं हे कुणी कधीच शिकवलं नव्हतं.

लहान मुलांना संगीत शिकवणाऱ्या शिक्षकांचं प्रशिक्षण हे माझं काम. त्या नात्यानं मला बोलावणं आलं.

अडचण

जानेवारीतलं स्नेहसंमेलन झाल्यावर मुख्याध्यापिकांचा फोन आला. शाळेत त्यांना सगळे मोठ्या बाई म्हणतात. त्यांनी थेट सांगितलं, “पोरं गात नाहीत हो, ओरडतात. आणि जी ओरडत नाहीत ती गप्प बसतात.” मे महिन्याच्या सुट्टीत तिन्ही शिक्षकांसाठी दोन दिवसांची कार्यशाळा घ्यावी, अशी त्यांची विनंती होती. कार्यशाळेचं ठरवण्याआधी मला चालू तासिका बघू द्या, असं मी म्हटलं आणि मागच्या बाकावर जाऊन बसले.

पहिली गोष्ट कानाला लगेच कळली. गाण्याच्या ताईंची पट्टी, म्हणजे पेटीवर त्यांचा सा जिथं असतो ती जागा, काळी चार. त्यांच्या रियाजाची, गुरूंनी ठरवून दिलेली. वर्गातही त्या पेटीचा षड्ज, म्हणजे सा, तिथंच धरत. आता तीन ते सहा वर्षांच्या मुलाचा गळा सहज कुठं चालतो ते बघू. पेटीच्या मधल्या सप्तकातल्या पांढरी दोनपासून पांढरी सहापर्यंत, म्हणजे जेमतेम पाच स्वर. काही मुलं वर-खाली आणखी एखादा स्वर जातात, पण ज्या पट्ट्यात बहुतेक मुलं एकत्र सुरात येऊ शकतात तो एवढाच. ताईंचा काळी चारचा सा या पट्ट्याच्या पुष्कळ खाली पडतो. त्यांचे सा, रे, ग आणि शुद्ध मध्यमसुद्धा मुलांसाठी तळघरात. त्या जागी मूल गात नाही, गुरगुरतं. मग अंतऱ्याला, म्हणजे गाण्याच्या पुढच्या कडव्याला, चाल एकदम तार षड्जापुढं (वरच्या सा पुढं) जाते आणि मुलं गळा ताणून ओरडतात. गाणं अस्ताईत (सुरुवातीच्या ओळींत) पुटपुटल्यासारखं आणि अंतऱ्यात किंचाळल्यासारखं का ऐकू येतं, याचं उत्तर तिथं होतं. मुलं बेसूर नव्हती. त्यांच्या गळ्यात नसलेल्या जागी त्यांना बोलावलं जात होतं.

पेटीच्या सरांच्या तासाला निराळी अडचण. पुरुषाचा आवाज मुलांच्या आवाजापेक्षा एक सप्तक खाली. मोठ्या माणसाला तोच स्वर वरच्या सप्तकात उचलता येतो. लहान मूल पुष्कळदा ऐकलं तसंच खाली उतरून म्हणायला बघतं आणि तिथं त्याला आवाजच सापडत नाही. त्यात सर पेटीमागं बसलेले, एक हात भात्यावर, एक पट्ट्यांवर, नजर खाली. मुलांना त्यांचा चेहरा दिसत नव्हता. खोलीला वरून पत्रा, भिंती उघड्या, पेटी दणदणीत. सर दर दोन ओळींनी सांगत, “जोरात म्हणा.” मुलं जोरात म्हणत.

तबल्याचे सर सोळा मात्रा बोटांच्या पेरांवर मोजायला शिकवत होते. टाळी, खाली, समेवर (तालाच्या पहिल्या मात्रेवर) ‘धा’. मोठ्या गटातली दोन-तीन मुलं ते करत, बाकीची बोटांशी खेळत. मात्र तास संपून सर तबला गवसणीत घालत असताना मुलं भोवती जमत, पाय आपटत, उड्या मारत. त्यांचा ठेका सरांनी तासात धरलेल्या लयीपेक्षा बराच चपळ होता. या वयात मुलांची आपली अशी लय मोठ्यांपेक्षा जलदच असते. विलंबितात, म्हणजे संथ लयीत, त्यांना थांबवून धरणं अवघड जातं.

मला सर्वांत खुपलं ते संमेलनाच्या तयारीबद्दल ऐकलेलं. प्रत्येक वर्गातली ‘बेसूर’ मुलं मागच्या रांगेत उभी केली होती आणि त्यांना सांगितलं होतं, फक्त ओठ हलवा. यात कुणाचा दुष्टपणा नव्हता. शिक्षकांवर कार्यक्रम चांगला दिसण्याचं दडपण होतं. पण चौथ्या वर्षी ‘तुला गाता येत नाही’ हे ज्याला कळतं, ते मूल पुढं कित्येक वर्षं गात नाही. अशी मोठी झालेली माणसं आपल्या सगळ्यांच्या घरात आहेत.

समोर असलेले पर्याय

मोठ्या बाई, संस्थेचे सचिव, तिघं शिक्षक आणि मी असे बसलो. चार मार्ग पुढं आले.

मे महिन्यातली दोन दिवसांची कार्यशाळा सर्वांत सोयीची. खर्च ठरलेला, शाळा बंद, प्रमाणपत्र मिळतं. माझा विरोध एकाच कारणासाठी होता, की मे महिन्यात शाळेत मुलं नसतात. मुलांच्या गळ्याबद्दल, लयीबद्दल मोठ्या माणसांच्या खोलीत बोलून ते हातात येत नाही. शिक्षक टिपणं काढतात, जूनमध्ये पहिल्या तासाला पंचवीस मुलं अंगावर येतात आणि माणूस आपण जसं शिकलो तसं शिकवू लागतो.

दुसरा मार्ग सचिवांनी मांडला. तयार बालगीतांचं ध्वनिमुद्रण आणि एक स्पीकर. संगीतशिक्षकांचे तास कमी करून वर्गाच्या ताईंनीच ते लावायचं. हा पर्याय आम्ही पटकन बाजूला ठेवला. ध्वनिमुद्रण मुलासाठी थांबत नाही. मुलानं वेगळा सूर लावला तर तो पकडून त्याच्याजवळ जात नाही. या वयात नेमकं तेच लागतं.

तिसऱ्यावर बराच वेळ गेला: संगीतशिक्षकांऐवजी वर्गाच्या ताईंनाच प्रशिक्षण द्यायचं. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण 2020 मध्ये तीन ते आठ वर्षं हा पायाभूत टप्पा धरला आहे आणि 2022 मध्ये आलेल्या त्या टप्प्याच्या राष्ट्रीय आराखड्यातही गाणी, खेळ, हालचाल दिवसभरात विखुरलेली असावीत असाच विचार आहे. रोज मुलांसोबत असते ती वर्गाची ताई. आठवड्यातून दोनदा येणाऱ्या विशारदापेक्षा तिचं गाणं मुलांच्या कानावर जास्त पडतं. पण इथं तिघं तयार संगीतकार हाताशी होते. त्यांना सोडून देणं मला मान्य नव्हतं, मोठ्या बाईंनाही नव्हतं.

चौथा मार्ग म्हणजे जूनपासून वर्षभर, चालू तासिकांमध्येच प्रशिक्षण. एकानं तास घ्यायचा, दुसऱ्यानं बसून बघायचं, मग दोघांनी बोलायचं. पंधरवड्यातून एकदा सगळ्यांनी माझ्यासोबत बसायचं. हाच मार्ग ठरला, पण तिथं पहिला खरा पेच आला. बघायला बसलेल्या शिक्षकाला त्या तासाचे पैसे कोण देणार? सचिव म्हणाले, “शिकवत नाहीत त्या तासाचं मानधन कसं द्यायचं?” पेटीचे सर शांतपणे म्हणाले की त्या वेळात ते बाहेर एक शिकवणी घेतात, ती सोडून फुकट बसणं घरच्या हिशेबात बसत नाही. दोघांचंही खरं होतं.

शेवटी तोडगा असा निघाला: नर्सरीची आठवड्यातली एक संगीत तासिका वर्षभरासाठी वर्गाच्या ताईंकडे द्यायची आणि वाचलेलं मानधन निरीक्षणाच्या तासांसाठी वापरायचं. मुलांचं नुकसान होईल का, याची मोठ्या बाईंना धास्ती होती. तरी त्यांनी निर्णय घेतला. मोबदला नसलेलं प्रशिक्षण शिक्षकाच्या संसारातून वजा होतं आणि म्हणून दिवाळीपर्यंत गळून पडतं. हा निर्णय झाला नसता तर बाकीचं काही घडलं नसतं, असं मी आजही म्हणेन.

प्रत्यक्ष काम

जूनमध्ये कुणालाच नवं काही शिकवायला सांगितलं नाही. काम एकच: बघायला बसलेल्या शिक्षकानं पूर्ण तासभर एकाच मुलाकडे लक्ष द्यायचं आणि ते काय करतं ते लिहायचं. ‘लक्ष नाही’, ‘हुशार आहे’, ‘सूर कच्चा’ अशी मतं लिहायची नाहीत. ‘दुसऱ्या ओळीला तोंड उघडलं, शेवटच्या शब्दावर आवाज आला’ असं लिहायचं. पहिल्या आठवड्यातल्या वह्या मतांनी भरलेल्या होत्या. हळूहळू त्यात मुलं दिसू लागली. गाण्याच्या ताईंनी एका मुलीबद्दल लिहिलं होतं, की तासभर ती एक अक्षर म्हणाली नाही, पण चप्पल घालताना अख्खं ध्रुवपद एकटीच म्हणाली. बैठकीत यावर पुष्कळ बोलणं झालं. मूल गाणं शिकतं तेव्हा आधी शब्द पकडतं, मग त्यांचा ठेका, मग चालीचा चढउतार आणि नेमके स्वर सर्वांत शेवटी. आपण मात्र शेवटची पायरी पहिल्या दिवशी मागतो. काही मुलं गप्प राहून आठवडेच्या आठवडे ऐकत असतात. ते ऐकणं म्हणजे तासिकेत भाग घेणंच आहे, हे तिघांनाही त्या मुलीमुळे पटलं.

पावसाळ्यात पट्टीचं काम सुरू केलं. ठरलं असं, की मुलांसोबत गाताना सा पांढरी दोनवर आणि गाणं सा ते प यांच्यातच. जी गाणी यात बसत नाहीत ती या वर्षी बाजूला. ऐकायला सोपं, पण ताईंसाठी ही उलथापालथ होती. पांढरी दोन म्हणजे त्यांच्या काळी चारचा तीव्र मध्यम (म चं चढं रूप). मुलांचा पंचम (प) त्यांच्या तार षड्जाच्याही वर चांगला अर्धा स्वर. रियाजाच्या भरदार, मोकळ्या आवाजात तिथं गायलं की वर्ग दणाणतो आणि मुलं त्या जोराची नक्कल करतात. म्हणून हलका, पातळ आवाज लावायचा.

ताई अस्वस्थ झाल्या. त्यांच्या गायकीत खुल्या आकाराला (‘आ’ लावून गाण्याला) केवढं मोल आहे हे मला माहीत होतं. वर्षानुवर्षं घासून तयार केलेला आवाज रोज असा बारीक करून वापरला तर रियाज बिघडेल, ही त्यांची भीती खरी होती आणि सुरुवातीचे काही दिवस त्यांचा घसा खरोखर बसला. मी त्यांना गुरूंशी बोलायला सांगितलं. हा निर्णय मी घेणं योग्य नव्हतं. गुरू म्हणाले, “लेकराशी बोलताना आपण आवाज बदलतोच की. फक्त रियाज आणि शाळा एकाला लागून ठेवू नकोस.” मग ताईंनी रियाज पहाटे आणि शाळेची तासिका उशिराची, अशी वेळ मागून घेतली. मोठ्या बाईंनी वेळापत्रक हलवलं. घसा सावरला.

याच काळात हजेरी गाऊन घ्यायला सुरुवात झाली. ताई मुलाचं नाव पंचमावरून गंधारावर (प वरून ग वर) उतरत म्हणत, मूल त्याच दोन स्वरांवर ‘हजर’ म्हणे. लांबून हाक मारताना मुलं कुठंही, आपोआप जे दोन स्वर वापरतात त्यांच्या फार जवळचं हे अंतर. हंगेरीचे संगीतकार झोल्तान कोदाय यांच्या पद्धतीत मुलांचं गाणं अशाच उतरत्या दोन स्वरांपासून आणि मातृभाषेतल्या लोकगीतांपासून सुरू होतं. आपलं सरगम तर मुळातच कुठल्याही पट्टीत हलवता येतं. त्यामुळं तो विचार इथं रुजवायला परकी लिपी किंवा परकी गाणी लागली नाहीत. हजेरीचा मोठा लाभ म्हणजे प्रत्येक मूल रोज एकदा एकटं गातं, आणि त्याला आपण एकटे गातोय याचं दडपण येत नाही. एखाद्यानं दुसराच सूर लावला, तर ताई त्याच्या सुरावर जाऊन त्याचं नाव पुन्हा म्हणत आणि मग हळूच त्याला वर घेऊन येत. आधी शिक्षकानं मुलाचा सूर गाठायचा. हे कौशल्य संगीतकाराकडे असतंच, फक्त ते मुलाकडे वळवायचं होतं.

तबल्याच्या सरांनी पेरांवरच्या मात्रा सोडल्या. मुलं खोलीत गोल चालत, सर त्यांच्या चालीवर वाजवत. कुणी पळालं तर ठेका पळे, कुणी थांबलं तर थांबे. आपण तबल्याला चालवतो हे कळल्यावर मुलांना आवरणं कठीण झालं. काही आठवड्यांनी सरांनी उलट सुरू केलं: आता ठेका मी देणार, तुम्ही पायानं पकडा. मग हलगी आली. कोल्हापूरच्या मुलाला हलगी म्हणजे काय हे समजावावं लागत नाही, मिरवणुकीत त्याचे पाय आधीच शिकलेले असतात. पुढं लेझमीची साधी पावलं आली. सम कुठं आहे ते मोठ्या गटातल्या मुलांना पायानं कळलं. नाव नंतर दिलं तरी चालतं.

पेटीच्या सरांचं काम मात्र अडलं. तासाची पहिली दहा मिनिटं पेटी बंद ठेवायची, मुलांसमोर जमिनीवर बसायचं आणि वरच्या हलक्या आवाजात किंवा एखाद्या मुलाला सूर द्यायला लावून सुरुवात करायची, असं ठरलं होतं. एका बैठकीत ते म्हणाले, “मॅडम, पेटी काढली की माझ्याकडं काय राहतं?” खोलीत कुणी काही बोललं नाही. तीस वर्षं साथ केलेल्या माणसाचा हा प्रश्न होता आणि त्याला तंत्राचं उत्तर पुरणारं नव्हतं. मी त्यांना मोठ्या गटासाठी पेटीचा वेगळा उपयोग सुचवला: पेटी उघडून भाता, सूर (आतल्या धातूच्या पात्या), पट्ट्या मुलांना दाखवायच्या, एकच स्वर धरून ठेवायचा आणि मुलांनी त्यावर आवाज टेकवायचा. त्यांनी ते केलं, चांगलं केलं. तरी मन लागलं नाही.

एका मुलाच्या कानाचा प्रश्न

ऑगस्टमध्ये तबल्याच्या सरांनी लहान गटातल्या एका मुलावर वही लिहिली. जानेवारीत मागच्या रांगेत उभा केलेल्यांपैकी हा एक. नोंद अशी होती: शेजारच्याच्या तोंडाकडे बघून ओळ सुरू करतो, सगळ्यांच्या मागून येतो, मागून टाळी वाजवली तर वळत नाही, हलगीला मात्र लगेच उठतो.

बैठकीत सगळे चपापले. पुढं काय करायचं यावर दोन मतं पडली. एक म्हणे, आपण संगीताचे शिक्षक, आजाराच्या भानगडीत पडू नये. दुसरं म्हणे, आत्ताच पालकांना फोन लावा. माझं मत असं होतं, की निदान आपण करायचं नाही आणि जे दिसलं ते लपवायचंही नाही. ठरलं ते असं: ज्यांच्याशी आईची रोजची ओळख आहे त्या वर्गाच्या ताईंनी मोठ्या बाईंसमोर बोलायचं, फक्त पाहिलेल्या गोष्टी सांगायच्या, आणि कानाच्या डॉक्टरांना एकदा दाखवा एवढंच सुचवायचं. आईनं सांगितलं की पाऊस सुरू झाल्यापासून सर्दी हटत नव्हती, घरी टीव्हीचा आवाज वाढवतो म्हणून ओरडा खात होता. तपासणीत दोन्ही कानांच्या पडद्यांमागं पाणी साचलेलं निघालं. सर्दीनंतर या वयात हे पुष्कळ मुलांना होतं आणि बहुतेकदा काही आठवड्यांत ते ओसरतं, पण तोवर ऐकू कमी येतं आणि लक्ष ठेवावं लागतं. डॉक्टरांनी काही काळानं परत बोलावलं, वर्गात आम्ही त्याला पुढं बसवलं. दिवाळीनंतर तो हजेरीला सुरात उत्तर देत होता.

बेसूर म्हणून कुणालाही मागं उभं करण्याआधी त्या मुलाला ऐकू येतंय का, हा प्रश्न प्रत्येक संगीतशिक्षकाच्या प्रशिक्षणात पहिल्या दिवशी यायला हवा. तो येत नाही, याचं मला वाईट वाटतं.

हादगा आणि मावशी

शाळेतल्या मदतनीस मावशी डबे धुताना गुणगुणत. एक दिवस गाण्याच्या ताईंच्या लक्षात आलं, की लहान गटातली मुलं मावशींच्या मागं तीच चाल अगदी सुरात म्हणताहेत. हादग्याचं गाणं होतं. ताईंनी मोबाइलवर पट्टी तपासली. पांढरी दोनच्या आसपास, चार-पाच स्वरांत फिरणारं, एकेका ओळीत एकच शब्द बदलत जाणारं. आम्ही महिनोन्महिने जे जमवायला बघत होतो ते सगळं त्या गाण्यात आधीच होतं. आवाज हलका, कारण काम करता करता कुणी जोर लावत नाही.

ताईंनी मावशींना वर्गात बोलावलं. पहिल्यांदा त्या लाजल्या: “मी काय गाणार बाई, तुम्ही शिकलेल्या.” हस्त नक्षत्र लागल्यावर पाटावर हत्ती काढून हादगा घातला, मुलांच्या आया-आज्या आल्या, आणि मावशींनी गाणी सांगितली. ताई मुलांच्या फेरात उभ्या राहून शिकत होत्या. झिम्मा, फुगडी, पिंगा यांत लय, हालचाल आणि शब्द वेगवेगळे शिकवावे लागत नाहीत, हे त्या दिवशी तबल्याच्या सरांनी वहीत लिहून ठेवलं.

इथं एक निर्णय संस्थेनं नीट घेतला नाही. मावशींना आठवड्यातून एकदा वर्गात घ्यायचं ठरलं, पण त्या वेळचं झाडलोटीचं काम त्यांच्याच माथी राहिलं आणि गाण्याचं वेगळं मानधन दिलं गेलं नाही. संमेलनाच्या पत्रिकेत नाव छापलं. ते चांगलंच झालं, पण पुरेसं नव्हतं. तबल्याच्या सरांच्या निरीक्षणाला पैसे मिळत असतील तर मावशींच्या गाण्यालाही मिळायला हवेत.

संमेलनाचा निर्णय

डिसेंबरात पुन्हा संमेलन आलं. मला आणि मोठ्या बाईंना ते रद्द करून पालकांना चालू तासिका बघायला बोलवावं असं वाटत होतं. सचिवांचा ठाम नकार. “पालक वर्षभर वाट बघतात, आजोबा गावाहून येतात,” हे त्यांचं म्हणणं डावलण्यासारखं नव्हतं. मधला मार्ग निघाला. गाणी तीनच, सगळी सा ते प मधली, मागं ध्वनिमुद्रण नाही, कुणा एकासमोर माइक नाही, मागची रांग नाही, मुलं अर्धवर्तुळात. सुरुवात गाऊन घेतलेल्या हजेरीनं. सभागृहातल्या मागच्या खुर्च्यांपर्यंत आवाज पोचला नाही, काही पालकांनी तशी तक्रार केली. आधीच्या वर्षी झगमगाट जास्त होता, असंही ऐकू आलं. पण ज्या आयांनी हादग्यात भाग घेतला होता त्या आपापल्या जागेवरून मुलांसोबत म्हणू लागल्या.

निष्पत्ती

वर्ष संपताना मुलांचं ओरडणं बरंच कमी झालं होतं. मोठ्या गटातली बहुतेक मुलं हजेरीचे दोन स्वर नेमके लावत, लहान गटातली पुष्कळशी चढउतार पकडत. नर्सरीत सूर अजून यायचा होता आणि त्या वयात तो यायलाच हवा असंही नाही. नर्सरीची एक तासिका वर्गाच्या ताईंकडे दिल्यानं तोटा होईल ही भीती खरी ठरली नाही. त्या ताई डबा खाताना, रांग करताना, हात धुताना गाऊ लागल्या.

तबल्याचे सर तिघांत सर्वांत पुढं गेले. पदवीनं ते मागं होते, पण मुलांकडे बघण्याची त्यांना गोडी लागली. गाण्याच्या ताई आता दोन आवाज बाळगतात आणि दोन्ही जपतात. पेटीच्या सरांनी मार्चमध्ये काम सोडलं. कटुता नव्हती. मोठ्या मुलांना आणि भजनी मंडळांना शिकवण्यात त्यांचा जीव आहे आणि तिथं ते उत्तम शिकवतात. प्रशिक्षणातून एखाद्याला हे काम आपलं नाही असं प्रामाणिकपणे कळलं, तर तेही मी वाया गेलेलं मानत नाही.

वेगळं काय करता आलं असतं

वर्गाच्या ताई जूनपासूनच बैठकींना हव्या होत्या. त्यांना दिवाळीनंतर बोलावलं, तेही मानधनाचा प्रश्न पुन्हा सोडवून. मुलांना सर्वांत जास्त ओळखणारी माणसं अर्धं वर्ष बाहेर राहिली.

मुलांच्या गाण्याचं ध्वनिमुद्रण जूनच्या पहिल्या आठवड्यातच, पालकांची लेखी परवानगी घेऊन, करून ठेवता आलं असतं. सचिवांना बदल कानानं ऐकवता आला असता आणि संमेलनाची चर्चा सोपी गेली असती. त्याचप्रमाणे संमेलनाचं स्वरूप जूनमध्ये पालकसभेतच जाहीर व्हायला हवं होतं. डिसेंबरात झगमगाट कमी केला की पालकांना काहीतरी काढून घेतल्यासारखं वाटतं.

पेटीच्या सरांबाबत मला वाटतं, पेटी बंद ठेवायचा नियम सरसकट न लावता आधी पेटीवरूनच त्यांना मुलांकडे आणता आलं असतं. भात्याची, धरलेल्या एका स्वराची ती तासिका त्यांच्या हातून सुंदर झाली होती. ती सुरुवात असती तर कदाचित ते राहिले असते, कदाचित नसतेही.

संस्थेनं पुढच्या वर्षासाठी नेमणुकीची पद्धत बदलली आहे. आधी उमेदवाराला एक राग आणि दोन गाणी म्हणून दाखवायला सांगत. आता त्याला लहान गटात पंधरा मिनिटं बसवतात, नंतर एका मुलानं काय केलं ते विचारतात, आणि मग राग ऐकतात. निरीक्षणाच्या तासांचं मानधन अंदाजपत्रकात आलं आहे. मावशींच्या मानधनाचा ठराव जूनच्या बैठकीत मांडायचं मोठ्या बाईंनी कबूल केलं आहे.